महेवा : लखनौनं गावाचं ऐकलं तेव्हा



आजचा विषय शेतीचा आहे आणि तो मी घेतोय, याचं काहींना नवल वाटेल. या मालेत मी बहुतेक वेळा लढायांवर बोलतो. किल्ले, मोर्चे, रसद हे माझे नेहमीचे विषय. पण निवृत्तीनंतर मी लखनौत राहू लागलो आणि इथल्या सरकारी इमारतींचा इतिहास वाचताना एक गोष्ट हाती लागली. तुमच्या-माझ्या गावात 'ग्रामसेवक' नावाचा जो माणूस असतो, त्याचा जन्म याच शहराच्या सचिवालयात ठरला. प्रत्यक्ष जन्म झाला तो इथून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवरच्या इटावा जिल्ह्यात, महेवा नावाच्या गावी, १९४८ साली.

महाराष्ट्रात आज ग्रामसेवक म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? दाखला, घरपट्टी, नमुना आठचा उतारा, ग्रामपंचायतीची कपाटं. मात्र महेव्यात हा माणूस कागदासाठी नव्हता. शेतकऱ्याबरोबर बांधावर उभं राहायचं, नवं बी पेरून दाखवायचं, जनावरांना लस टोचायला मदत करायची आणि गावाचं म्हणणं वर पोचवायचं, हे त्याचं काम होतं. बांधावरचा माणूस कपाटाजवळ कसा गेला, हाच आजचा इतिहास.

इटावा कुठलं?

मराठी वाचकाला इटावा तसा परका नाही. पानिपतच्या आधी या भागाचा कारभार गोविंदपंत बुंदेले पाहत होते. भाऊसाहेबांनी यमुना उतरण्यासाठी नावा गोळा करायला त्यांना कळवलं होतं, ते याच पट्ट्यात. एका बाजूला यमुना आणि चंबळेचे बेहड, म्हणजे पाण्यानं कापून काढलेल्या खोल घळी. दुसऱ्या बाजूला कालव्याखालची सपाट जमीन. इटाव्याहून औरैयाकडे जाताना वाटेत महेवा लागतं.

१९४८ सालचा हा जिल्हा कसा होता? ना फार सुपीक, ना फार उजाड. आणि नेमका म्हणूनच तो निवडला गेला. चांगल्या जिल्ह्यात प्रयोग यशस्वी झाला, तर लोक म्हणणार, तिथं काय, दगडावरही पीक येतं. अगदी वाईट जिल्ह्यात फसला, तर शिकायला काही मिळत नाही. मधला जिल्हा घेतला म्हणजे तिथं जे जमेल ते दुसरीकडेही जमण्याची शक्यता असते. लष्करात नवं शस्त्र चाचणीला देताना आम्ही सर्वांत तयारीची तुकडी निवडत नसू. साधारण तुकडीच्या हातात ते चाललं, तरच ते कामाचं.

देशाची अवस्था काय होती, तेही ध्यानात घ्या. १९४३चा बंगालचा दुष्काळ ताजा होता. फाळणीत पंजाबचा कालव्याखालचा मोठा गहू-पट्टा पलीकडे गेला होता. धान्य रेशनवर होतं. 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम युद्धकाळापासून सुरू होती, पण ती बरीचशी भित्तिपत्रकांत आणि फायलींत चालली होती. जमीनदारी निर्मूलनाचा कायदा उत्तर प्रदेशात १ जुलै १९५२ पासून अमलात आला. म्हणजे महेव्यात काम सुरू झालं तेव्हा जमीनदार जागेवर होता आणि कूळ त्याच्याकडे पाहूनच बोलत होतं.

इंजिनिअर दलातला वास्तुरचनाकार

या गोष्टीतलं मुख्य पात्र म्हणजे अल्बर्ट मेयर. न्यूयॉर्कचे वास्तुरचनाकार आणि नगररचनाकार. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअर दलात अधिकारी होते आणि पूर्व भारतात विमानांच्या धावपट्ट्या बांधायच्या कामावर होते. धावपट्टी गावाजवळ बांधली जाते. मजूर आसपासच्या गावांतून येतात. तिथं त्यांना भारतीय खेडं जवळून दिसलं. १९४५ साली, नेहरू तुरुंगातून सुटल्यानंतर, दोघांची भेट झाली. पुढच्या वर्षी नेहरूंनी त्यांना बोलावून घेतलं आणि संयुक्त प्रांताचे प्रीमियर गोविंद वल्लभ पंत यांच्याकडे लखनौला धाडलं. तेव्हा मुख्यमंत्र्याला प्रीमियर म्हणत. पंत कुमाऊँचे, पण त्यांचे पूर्वज महाराष्ट्रातून तिकडे गेले असं सांगतात.

मुंबईकरांना मेयर हे नाव दुसऱ्या कारणानं माहीत असायला हवं. १९४८चा बृहन्मुंबईचा पहिला मोठा आराखडा 'मोडक-मेयर आराखडा' म्हणून ओळखला जातो. त्यातले मोडक म्हणजे महापालिकेचे अभियंते ना. वि. मोडक, ज्यांचं नाव वैतरणेच्या मोडकसागर तलावाला दिलं आहे. मेयर म्हणजे हेच अल्बर्ट मेयर. खाडीपलीकडे जोडशहर वसवण्याचा विचार त्या आराखड्यात होता. चंदीगडचा पहिला आराखडाही त्यांचाच, कार्बुझिए नंतर आले. एकच माणूस मुंबई आखत होता, चंदीगड आखत होता आणि महेव्यात गव्हाचं बी कुठून आणायचं याची काळजी करत होता.

वास्तुरचनाकाराच्या डोक्यात पहिल्यांदा काय येणार? आदर्श गाव. सरळ रस्ते, हवेशीर घरं, विहिरीला कठडा. मेयर यांचीही सुरुवात तिथूनच झाली. पण गावं फिरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की घर हा शेतकऱ्याचा पहिला प्रश्न नाहीच. पहिला प्रश्न उत्पन्नाचा. दाणे जास्त आले, तर पक्क्या विटांचं घर माणूस आपणच बांधेल. मग योजना उलटी झाली. शेती आधी, बाकी मागाहून.

हे नुसतं बोलणं नव्हतं. पुढं इटाव्यात सहकारी वीटभट्ट्या सुरू झाल्या आणि चालल्याही. हातात पैसा आल्यावर लोकांना विटा हव्याच होत्या.

एक माणूस, मोजकी गावं

१९४८च्या शरद ऋतूत ६४ गावांचा एक गट घेऊन काम सुरू झालं. पुढं ही गावं ९७ झाली. शेतीविस्ताराचे जाणकार म्हणून अमेरिकेतून होरेस होम्स आले. जिल्ह्याचे नियोजन अधिकारी डी. पी. सिंग, त्यांच्या हाताखाली बैजनाथ सिंग. गावातल्या चालीरीती आणि माणसांचे संबंध समजून घेण्यासाठी रुद्रदत्त सिंग हे मानववंशशास्त्राचे अभ्यासक सुरुवातीपासून बरोबर होते. शेतीच्या योजनेत असा माणूस नेमणं तेव्हा नवलाचंच होतं. मेयर स्वतः वर्षातले काही महिने भारतात असत, बाकी वेळ लांबलचक पत्रं लिहीत.

याआधी सरकार गावात कसं पोचत होतं? तुकड्यातुकड्यांनी. शेतीखात्याचा माणूस वेगळा, सहकाराचा वेगळा, जनावरांच्या डॉक्टरचा शिपाई वेगळा, आरोग्याचा वेगळा. प्रत्येकाकडं भलाथोरला मुलूख. शेतकऱ्याला यातलं कोणाचंच तोंड नीट माहीत नसे. त्याच्या लेखी सरकार म्हणजे पटवारी आणि पोलीस, दोघंही काहीतरी घ्यायलाच येणारे.

महेव्यानं खालच्या पायरीला ही सगळी खाती एका माणसात आणली. चार-पाच गावांना एक ग्रामसेवक. त्यानं गावातच राहायचं. शेती हे मुख्य काम, पण जनावरं, सांडपाणी, प्रौढांचे वर्ग, सहकारी सोसायटी हेही त्याच्याच अंगावर. त्याला सगळं येणं शक्य नव्हतं, म्हणून त्याच्या पाठीशी गटाच्या ठिकाणी त्या त्या विषयाचा जाणकार. सैन्यातली रचना अशीच असते. नायकाच्या हाताखाली जेमतेम दहा जवान, कारण एका माणसाला तेवढीच माणसं नावानिशी आणि स्वभावानिशी ओळखता येतात. तोफा, इंजिनिअर, वैद्यकीय मदत मागून येते, पण जवानाला हुकूम एकाच तोंडून मिळतो.

या ग्रामसेवकांची निवड करताना पदवीपेक्षा हाताला काम आहे का, हे पाहिलं गेलं. प्रशिक्षणात नांगर धरावा लागे, खत उचलावं लागे. पांढरपेशा पोराला बूट काढून चिखलात उतरायला लावणं हे तेव्हा सोपं नव्हतं. उत्तरेत शिकलेल्या उच्चवर्णीय मुलानं नांगराची मूठ धरणं कमीपणाचं मानलं जाई. तो कमीपणा आधी मोडला, मग शेतकऱ्यानं त्याचं ऐकलं.

शिकवलं कसं?

लष्करात शिकवण्याची एक ठरलेली पद्धत आहे. आधी समजावून सांगा, मग स्वतः करून दाखवा, मग समोरच्याकडून करून घ्या, मग सराव. रायफल खोलून जोडायला प्रत्येक जवान असाच शिकतो. व्याख्यान देऊन कोणी रायफल जोडायला शिकलेला नाही. महेव्यातली पद्धत वाचताना मला ही शिस्तच दिसत राहिली.

उदाहरण गव्हाचं घेऊ. 'पंजाब ५९१' ही जात नवी नव्हती. फाळणीपूर्वीच्या लायलपूरला ती तयार झालेली होती. म्हणजे ज्ञान होतं, ते महेव्याच्या शेतात नव्हतं. ते आणायचे दोन मार्ग. पहिला म्हणजे सरकारी फार्मवर पेरून शेतकऱ्यांना सहलीला न्यायचं. शेतकरी पाहतो, मान डोलावतो आणि घरी येऊन म्हणतो, सरकारचं पाणी, सरकारचं खत, सरकारचे मजूर, पिकणारच! महेव्यानं दुसरा मार्ग धरला. प्रयोग शेतकऱ्याच्याच रानात, त्याच्याच बैलांनी, त्याच्याच खर्चानं. एका तुकड्यात जुनं बी, शेजारच्या तुकड्यात नवं. पेरणी, पाणी, मशागत सारखीच. मळणीच्या दिवशी शेजारी जमतात, दोन्ही राशी डोळ्यांसमोर मोजल्या जातात. पुढच्या वर्षी बी मागायला कोण येणार, हे त्या खळ्यावर ठरतं.

बी फुकट नव्हतं, हेही महत्त्वाचं. उत्तर प्रदेशात बियाण्याच्या गोदामातून 'सवाई'नं बी मिळे. मणभर न्यायचं आणि सुगीला सव्वा मण परत करायचं. फुकट मिळालेलं बी माणूस दळूनही खातो, सवाईनं नेलेलं तो जपून पेरतो.

गव्हाच्या जोडीला वाटाणा आणि बटाट्याचं सुधारित बी आलं. जमिनीचा कस राखायला सनई, म्हणजे आपल्याकडचा ताग, हिरवळीचं खत म्हणून गाडायला शिकवलं गेलं. खतावर पैसा घालू न शकणाऱ्या लहान शेतकऱ्याला हा मार्ग परवडणारा होता. बैलांच्या मागं ओढायचं ओलपाड मळणीयंत्र आलं. ओलपाड सुरत जिल्ह्यातलं, म्हणजे तेव्हाच्या मुंबई प्रांतातलं. जनावरांना बुळकांडी आणि घटसर्पाच्या लसी टोचल्या जाऊ लागल्या.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक नियम. जे वेळेवर देता येणार नाही, ते सांगायचंच नाही. पेरणीच्या आठवड्यात बी गोदामात पोचणार नसेल, तर त्या वर्षी त्या बियाण्याचा प्रचार नाही. मोठी योजना अर्धी राहण्यापेक्षा लहान काम तडीस गेलेलं बरं. रसद पोचणार नसेल तर तुकडी पुढं काढू नये, हा धडा ज्यांनी पानिपत वाचलंय त्यांना वेगळा सांगायला नको.

वरच्याचे कान

आता मुख्य मुद्दा. महेव्याचं यश बियाण्याचं होतं, असं बरेच जण म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. तेच बी, तीच जात शेतीखात्याकडं आधीही होती. नवी होती ती बैठक.

ग्रामसेवक, जाणकार आणि वरचे अधिकारी ठरावीक काळानं एकत्र बसत. त्या बैठकीत खालच्या माणसानं वरच्याला 'साहेब, हे आमच्या गावात चालणार नाही' असं सांगणं अपेक्षित होतं. मेयर याला 'अंतर्गत लोकशाही' म्हणत. त्यांचं म्हणणं साधं होतं. जो अधिकारी हाताखालच्या माणसाला बोलू देत नाही, त्याचा हाताखालचा माणूस शेतकऱ्याला बोलू देणार नाही. उद्दिष्टं ठरवतानाही गावाला काय हवंय आणि किती झेपेल, हे खालून विचारलं जाई. ज्या देशात कलेक्टरसमोर खुर्चीवर कोण बसणार याचेही नियम होते, तिथं ही फार मोठी गोष्ट.

याला उलट उदाहरण त्याआधीचंच आहे. १९२०च्या दशकात पंजाबातल्या गुडगाव जिल्ह्यात एफ. एल. ब्रेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ग्रामसुधारणेची धडाकेबाज मोहीम चालवली. खतासाठी खड्डे, घरांना खिडक्या, मुलींना शाळा, लोखंडी नांगर. माणूस प्रामाणिक होता, कष्टाळू होता. पण सगळं साहेबाच्या हुकमानं चाललं होतं. त्यांची बदली झाली आणि खड्डे हळूहळू बुजले. गावानं ते कधी आपले मानलेच नव्हते.

आणि आपल्याकडं? १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून महात्मा फुल्यांनी शेतकऱ्याच्या शिक्षणाचा प्रश्न नेमका मांडला होता. पिकांची प्रदर्शनं भरवा, चांगल्या शेतकऱ्याला बक्षिसं द्या, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचं शिक्षण द्या, असं त्यांनी सुचवलं. माझ्यासारख्याला त्यातली एक सूचना विशेष आवडते. शांततेच्या काळात रिकाम्या असलेल्या लष्कराकडून आणि जादा पोलिसांकडून ठिकठिकाणी ताली-बंधारे घालून घ्या, म्हणजे पाणी रानात मुरेल. सरकारनं शेतकऱ्याला समजून घ्यावं, हे फुल्यांचं मागणं महेव्याच्या पासष्ट वर्षं आधीचं आहे.

घाई

महेव्याची बातमी दिल्लीला पोचली. अमेरिकेचे राजदूत चेस्टर बोल्स इटाव्याला जाऊन आले आणि भारावले. फोर्ड फाउंडेशन पैसा द्यायला पुढं आलं. २ ऑक्टोबर १९५२ला, गांधीजयंतीच्या दिवशी, देशभर ५५ सामूहिक विकास प्रकल्प सुरू झाले. प्रत्येकात साधारण ३०० गावं, दोन लाख लोक. लगेच पुढच्या २ ऑक्टोबरला राष्ट्रीय विस्तार सेवा आली. तिच्यात १०० गावांचा एक गट आणि त्याला १० ग्रामसेवक, म्हणजे माणशी १० गावं.

महेव्यातला ग्रामसेवक चार-पाच गावं पाहत होता, नव्या योजनेत त्याच्याकडं दुप्पट गावं आली. महेव्याला ६४ वरून ९७ गावांवर जायला काही वर्षं लागली होती आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत अख्खा देश व्यापायचं ठरलं. मेयर यांना ही घाई पसंत नव्हती. पण नेहरूंची अडचणही समजून घेतली पाहिजे. देशात पाच लाखांहून अधिक खेडी. पन्नास गावांना चार वर्षं दिली, तर उरलेल्यांनी थांबायचं किती? निवडून आलेल्या सरकारला 'तुमची पाळी तीस वर्षांनी' असं सांगता येत नाही. म्हणून मी या घाईला मूर्खपणा म्हणणार नाही. पण तिची किंमत कोणी दिली, हे सांगायला हवं.

किंमत दिली ती लहान शेतकऱ्यानं. दहा गावं सांभाळणारा ग्रामसेवक कोणाकडं जाणार? ज्याच्याकडं बसायला खाट आहे, विहीर आहे, नवं बी पेरायची ऐपत आहे आणि फोटोला उभं राहील असं पीक आहे, त्याच्याकडं. वरून उद्दिष्टं आली, इतके खड्डे, इतकी बी-वाटप, इतक्या सभा. ग्रामसेवक वही भरायला शिकला.

समाजशास्त्रज्ञ श्यामाचरण दुबे यांनी पश्चिम उत्तर प्रदेशातल्या अशा एका प्रकल्पाचा अभ्यास करून १९५८ साली पुस्तक लिहिलं. दुबे नागपूर विद्यापीठात शिकलेले, काही काळ लखनौ विद्यापीठात शिकवलेले. प्रकल्पाचा लाभ बराचसा गावातल्या वजनदार मंडळींकडं गेला, हे त्यांनी दाखवलं. गव्हाबद्दलचं त्यांचं निरीक्षण तर प्रत्येक कृषी अधिकाऱ्यानं पाठ करावं. नव्या गव्हाचं उत्पन्न जास्त होतं, तरी लोक कुरकुरत होते. का? तो घरच्या जात्यावर दळायला जड, पीठ हवं तसं मळलं जात नाही, रोटीला चव नाही. जातं बाया ओढतात, पीठ बाया मळतात आणि बियाण्याच्या सभेला बोलावलं होतं पुरुषांना. अर्ध्या गावाला विचारलंच नव्हतं.

१९५७ साली बलवंतराय मेहता समितीनं सांगितलं की लोकांचा सहभाग आलाच नाही, तेव्हा सत्ता निवडून आलेल्या संस्थांकडं द्या. त्यातून पंचायत राज आलं, महाराष्ट्रात १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. लोकशाहीसाठी ते पाऊल योग्यच होतं. पण ग्रामसेवक हळूहळू पंचायतीचा चिटणीस होत गेला, आणि बांधावरचा माणूस कपाटाकडं वळला तो इथं. १९६०पासून जादा उत्पन्नाच्या निवडक जिल्ह्यांवर भर देणारी योजना आली. उत्तर प्रदेशात अलीगढ, महाराष्ट्रात भंडारा. सत्तरच्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जावर 'प्रशिक्षण व भेट' पद्धत आली. ठरल्या दिवशी, ठरल्या शेतकऱ्याला, ठरलेला निरोप. कर्ज संपलं तशी भेटही विरळ झाली.

पुण्याचा रेडिओ आणि बाराबंकीचा पुदिना

सगळंच बिघडलं असं मात्र नाही. ऐकण्याची पद्धत जिथं टिकली, तिथं काम झालं. दोन उदाहरणं सांगतो, एक आपलं आणि एक लखनौचं.

१९५६ साली पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग केला. गावात श्रोतृमंडळ करायचं. शेतीचा कार्यक्रम सगळ्यांनी एकत्र ऐकायचा, त्यावर तिथंच चर्चा करायची आणि शंका आकाशवाणीला लिहून कळवायच्या. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं मिळत. पॉल न्यूरथ यांनी याचं मूल्यमापन केलं. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळ असलेल्या गावांत लोक कितीतरी अधिक शिकले, असं दिसलं. रेडिओ दोन्हीकडं होता. फरक पडला तो उलट टपालानं.

दुसरं उदाहरण पुदिन्याचं. लखनौत 'सीमॅप' ही औषधी आणि सुगंधी वनस्पतींची केंद्रीय संस्था आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी मेंथॉलच्या पुदिन्याच्या नव्या जाती काढल्या. त्यांतली 'कोसी' फार गाजली. बाराबंकी, सीतापूर भागातल्या लहान शेतकऱ्याच्या रब्बीनंतर आणि भाताच्या आधी रिकाम्या राहणाऱ्या रानात तीन-सव्वातीन महिन्यांचं पीक बसलं. पण बी देऊन हे झालं नाही. पाला गावात उकळून तेल काढायची टाकी हवी होती. टाकी आली. तेल पिंपात भरून ठेवता येतं, भाव पडला तर थांबता येतं. टोमॅटोवाल्या शेतकऱ्याला विचारा, थांबता येणं म्हणजे काय असतं! दरवर्षी ३१ जानेवारीला सीमॅपच्या आवारात किसान मेळा भरतो. शेतकरी तिथून लागवडीचं बेणं नेतो आणि मागच्या वर्षी काय फसलं तेही सांगतो. आज मेंथॉल-पुदिन्याच्या तेलात भारत जगात पुढं आहे, आणि त्यातला मोठा वाटा या लहान रानांचा आहे.

दोषही सांगतो. पुदिन्याला पाणी भरपूर लागतं, तेही ऐन उन्हाळ्यात. वायदेबाजारात भाव वर-खाली होतात आणि परदेशातल्या कारखान्यांत तयार होणारं कृत्रिम मेंथॉल स्पर्धेला आहे. म्हणजे शिकवण्याचं काम एकदा करून संपत नाही. जे शिकवलं त्याचे परिणाम पुढं कोणीतरी ऐकत राहावे लागतात.

आज

आकडे पाहू. २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार देशातल्या शंभर खातेदारांपैकी ८६ जण दोन हेक्टरांच्या आतले. सरासरी जमीन उत्तर प्रदेशात ०.७३ हेक्टर, महाराष्ट्रात १.३४ हेक्टर. म्हणजे तिकडं पावणेदोन एकरांच्या आसपास, आपल्याकडं सव्वातीन. यांतली बरीच जमीन कोरडवाहू.

आता दुसरा आकडा. २००३च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात शेतकरी कुटुंबांना विचारलं गेलं, नव्या तंत्राची माहिती तुम्हाला कोणाकडून मिळते? शंभरातल्या साठांना कोणाकडूनच मिळत नव्हती. सुमारे १७ जणांना ती दुसऱ्या प्रगतिशील शेतकऱ्याकडून मिळाली, १३ जणांना बी-खत-औषधाच्या दुकानदाराकडून. सरकारी विस्तार कार्यकर्त्याकडून? जेमतेम सहा जणांना.

दुकानदाराला मी खलनायक ठरवत नाही. तो उधारीवर देतो, रोज भेटतो, शेतकऱ्याचं ऐकून घेतो. पण पानं पिवळी पडल्यावर बाटलीच विकणं हा त्याचा धंदा आहे. 'काही फवारू नकोस, दोन दिवस पाणी तोड' असा सल्ला देऊन त्याच्या गल्ल्यात काही पडत नाही. असा सल्ला देणारा पगारी माणूस बांधावर असावा, एवढ्यासाठीच तर लखनौनं ग्रामसेवक घडवला होता. त्याची जागा रिकामी राहिली आणि दुकानदारानं ती भरली. सैन्यात आम्ही म्हणायचो, ठाणं सोडलं की ते रिकामं राहत नाही.

१९७४ साली पुदुच्चेरीला पहिलं कृषी विज्ञान केंद्र उघडलं, आज देशात ७००हून अधिक आहेत. बारामती, बाभळेश्वर इथली केंद्रं आपल्याला परिचित आहेत. महाराष्ट्रात शेतीशाळा होतात. गावागावांत कृषी सखी तयार होतायत. दुबे यांनी दाखवलेली उणीव भरून काढायची ही संधी आहे, कारण निंदणी, बी-राखण, दूध, शेळ्या यांचं ज्ञान बाईकडं आहे. आणि आता मोबाइल आहे. तुम्ही माझं हे बोलणं ज्या पडद्यावर पाहिलंत, त्यावरच शेतकरी छाटणी कशी करायची ते पाहतात, आणि ते दाखवणारा बहुतेक वेळा दुसरा शेतकरीच असतो. महेव्याच्या खळ्यावर शेजारी जमायचे, त्याचाच हा नवा अवतार.

पण पडद्यात एक धोका आहे. तो बोलतो खूप, ऐकत नाही. म्हणून कुठल्याही नव्या योजनेबद्दल, ॲपबद्दल, प्रशिक्षण शिबिराबद्दल तुमच्या गावात कोणी सांगायला आलं, तर महेव्यातून मिळालेले चार प्रश्न विचारा. हे तुम्ही आमच्याच रानात करून दाखवाल का? लागणारं सामान पेरणीच्या आधी पोचेल का? बायकांना विचारलंत का? आणि हे फसलं, तर आम्ही कोणाला सांगायचं, त्या माणसाचं नाव काय? चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर समजा की वर कोणी ऐकत नाही.

पुढच्या भागात आपण यमुनेच्या याच काठावर, पण १७६० साली जाणार आहोत. गोविंदपंत बुंदेल्यांना नावा का जमवता आल्या नाहीत, रसदीचा पैसा कुठं अडला, ते पाहू. या भागाबद्दलच्या सूचना, विशेषतः ज्यांनी ग्रामसेवक म्हणून काम केलंय त्यांच्या आठवणी, जरूर कळवा. त्या मी वाचतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.